पाच कशाचे

रामकुंडात दोरीला चुंबक बांधून बसलेल्या पोरांच्या
हाती हे लागलंच नसतं.
नाव निकेल, पण चुंबकाला भीक घालत नाही;
चारांत तीन भाग तांबं.
मला ते भांडीबाजारात मिळालं, मोडीच्या ढिगात,
दांडी तुटलेल्या पळीखाली.
वीस रुपये द्या, म्हणाला शशी कासार,
कोटाचं बटण दिसतंय.

अठराशे त्र्याऐंशी.
समोर मुकुटातली बाई, भोवती चांदण्या,
मागे रोमन पाच. नुसताच पाच.
सेंट हा शब्द घालायचा राहून गेला तिकडच्या टाकसाळीत,
आणि लबाडांनी सोन्याचं पाणी चढवून
पाच सेंट पाच डॉलर म्हणून खपवले.

मी एकतीस वर्षं नोट प्रेसला, तपासणीत.
एक वेलांटी फिकी उतरली
तरी आमच्याकडे अख्खा ताव बाद.
रागच आला मला त्या टाकसाळीचा,
मग हसू.

पुण्याच्या व्यापाऱ्याला फोन लावला.
मुलामा? बरं. वर कडी जोडलीय? डाग दिलेला?
मग काका, ते नाणं नाही राहिलं.

सराफ बाजारात दुसान्यांनी कसोटीवर घासलं.
पहिली रेघ पिवळी, दुसरी राखाडी.
मग हातासरशी कडीही घासली,
चष्मा कपाळावर सरकवला,
पुन्हा घासली.
नाणं खोटं, म्हणाले. कडी बावीस कॅरेटची.

दोन रात्री मी भिंग घेऊन बसलोय.
खिशाखिशांतून फिरलेलं नाणं दोन्हीकडून झिजतं.
हे एकाच अंगानं झिजलंय,
गळ्याला टेकणाऱ्या.
पाचावरचा मुलामा पार उडालेला,
खालचं पांढरं तिला रोज न्हाताना दिसत असणार.
(ती, असं मी आपलं धरून चाललोय.)
तरी घातलं. किती वर्षं, ते भिंगात दिसत नाही.
आणि तो सोनार?
त्याला तर पहिल्याच रेघेला कळलं असणार.

दुसाने म्हणतात, कडी काढून देतो,
सोन्याचे पैसे घ्या, नाणं ठेवा डबीत
त्या ढालवाल्या चार नाण्यांशेजारी.
आज जायचं ठरलं होतं.
रविवार कारंजापर्यंत गेलो,
उसाचा रस प्यालो,
परत आलो.