चार पॉइंट सहा

प्रणोतीला लॅपटॉप हवा होता, सांगलीला कॉलेजला न्यायला.
म्हणाली, मामा, नाव तर दोन्हीकडं एकच आहे.
म्हटलं, नावावर जाऊ नकोस, शेपटीचं अक्षर बघ.
डेस्कटॉपमधला पोटभर जेवून कामाला लागतो.
हा त्याचाच सख्खा भाऊ,
पण पंधरा वॅटवर, अर्ध्या भाकरीवर,
दोन मिनिटं पळतो आणि मग धाप लागते.
तिनं तरी हलकाच घेतला.
ओझं तिलाच वाहायचं होतं.

मला मात्र पळणारा पाहिजे होता.
लग्नसराईचे सतरा व्हिडिओ अडकलेले,
ड्रोनचं शूटिंग, चार चार तासांची हळद,
आणि नवरीचे भाऊ रोज दुकानाच्या पायरीवर.
कुलूप नसलेला प्रोसेसर घेतला, वर दीड हजार गेले.
डब्यावर छापलंय तीन पॉइंट सात.
डब्यावरचं कोण खरं मानतं विट्यात?

मे महिना. दुकानात एकोणचाळीस.
अण्णा स्टुलावर, पाय वर घेऊन.
एकतीस वर्षं कोइमतूरला गलाईच्या भट्टीपुढं बसलेला माणूस,
चांदीचा रंग बघून आच सांगायचा.
मी वाटाण्याएवढी पेस्ट ठेवली,
हीटसिंक दाबला, समोरासमोरचे स्क्रू आवळले.

चार पॉइंट चार. चालला.
सहा. चालला.
आठ. व्होल्टेज एक पॉइंट पस्तीस,
पंखा आता दळण दळल्यासारखा.

"किती झालंय रं?"
ब्याण्णव.
"ब्याण्णव? त्येवढ्यावर च्या बी उकळत न्हाई."

मी सांगत बसलो:
एकाच तबकडीतून कापतात हे सगळे,
तरी एखादा पाचाला हसत हसत पोचतो,
एखादा साडेचारालाच मान टाकतो.
किंमत सारखी, डबा सारखा,
कुठला आपल्या वाट्याला येईल, नशीब.
"आमी पाच जण गेलतो एका गाडीनं,"
अण्णा म्हणाले,
आणि पुढं काही बोलले नाहीत.

नऊ.
निळा पडदा.
परत चालू केला, परत निळा.

मला वाटलं, आता हसतील.
तेजाबाचा जुना खोकला आला, तो संपेपर्यंत थांबले.
"दिवाळीत मालक दोन पाळ्या लावायचा.
आच वाढवली की काम लौकर उरकतंय, खरं हाय.
चांदीला काय हुईत न्हाई.
मूस तडकती."

मी एक एक पायरी खाली उतरलो.
चार पॉइंट सहा. एक पॉइंट सव्वीस.
रात्रभर टेस्ट लावून तिथंच पथारी टाकली.

पहाटे पाचला गल्लीतले यंत्रमाग सुरू झाले,
नेहमीसारखी वीज गचकली, ट्यूब फडफडली,
यूपीएस केकाटला.
डोळे चोळत आकडा बघितला.
चौऱ्याहत्तर. उभा होता.

अण्णा कधी येऊन बसले कळलं नाही.
पडद्याकडं बघतही नव्हते,
कॅबिनेटच्या मागं, गरम वारा येतो तिथं
तळहात धरून बसलेले,
ज्याच्या दोन बोटांना नखं नाहीत तो.
"ह्ये बरं हाय," म्हणाले. "ह्येला आता छेडू नगंस."

एक व्हिडिओ बावीस मिनिटांनी उशिरा निघतो त्यामुळं.
पायरीवरच्या भावांना मी चहा पाजतो.

परवा प्रणोतीचा फोन:
मामा, लॅपटॉप मांडीवर घेतला की पोळतो.
मी सेटिंग सांगायला लागलो,
तर अण्णांनी फोन हातातून काढून घेतला.
"पोरी, मांडीवर काय घेतीस त्येला,
पाटावर बसीव."