ताकदीची सुई

पार्बताच्या मनगटावर आधी चार ठिपके आले,
जांभळट, सपाट माथ्याचे,
उन्हात हात फिरवला की चमकणारे.
मी म्हणालो, रोवणीचा चिखल.
दिवसभर बांधीत वाकलेल्या बाईला खाज सुटणारच.
कडुलिंबाचा पाला उकळ, तेल लाव.
गाव मला अजून डाक्टर म्हणतं.
मी कंपाउंडर होतो, एकोणीस वर्षं.
खरे डाक्टर बुधवारी यायचे, तेही रस्ता सुका असला तर.

दोन रोवण्या गेल्या. ठिपके घोट्यापर्यंत उतरले.
मग एका रात्री तिनं झुणक्याचं ताट सरकवलं.
"तोंडात आग पडली जी."
बॅटरी धरून पाहिलं, गालाच्या आत
पांढरी जाळी, बारीक,
कोणी कोशाचा धागा घेऊन तिथं विणायला बसल्यासारखी.
एकोणीस वर्षांत असलं मी पाहिलं नव्हतं.
किंवा पाहिलं होतं,
आणि चिखल म्हणालो होतो.

भंडाऱ्याला चामडीच्या डॉक्टरीणबाई, तलमल्यांची मुलगी,
भिंग धरून म्हणाल्या, लायकेन प्लेनस.
मी ते एसटीच्या तिकिटामागे लिहून घेतलं.
मलम दिलं, आणि वर चिठ्ठी: रक्त तपासा, काविळीच्या विषाणूसाठी.
"बाई, खाज तर हाताला आहे."
"कधीकधी यकृताचं दुखणं कातडी सांगते, काका.
दर वेळी नाही. पण विचारून घ्यावं."

विचारलं. रक्त हो म्हणालं.
सी नावाची कावीळ,
जी डोळे पिवळे करत नाही,
वीस वीस वर्षं घरात राहते
आणि भांड्याला भांडं लागू देत नाही.

मग त्यांनी पार्बताला विचारलं,
कधी रक्त चढवलं होतं? गोंदलं कुणाकडून?
सुया पुष्कळ घेतल्या होत्या का?
पार्बता हसली.
"सुयांची काय कमी? डाक्टर घरचाच."

एक काचेची सिरिंज. सुया तीन.
बोथट झाल्या की मी त्या दगडावर घासायचो,
नखावर टोचून बघायचो.
स्टोव्हवर डबी ठेवायचो, रॉकेल असलं तर.
नसलं तर गरम पाणी.
बाहेर रांग ओसरीपर्यंत, गोळी कुणालाच नको,
लाल औषध पाहिजे, ताकदीची सुई,
दंड चोळत माणसं कशी खुशीत घरी जायची.
पार्बताला मी पहिल्यांदा पाहिलं तेही रांगेतच.
तिच्या आधी कोण होतं आठवत नाही.
तिचा दंड आठवतो, त्यावर स्पिरिटचा बोळा,
आणि माझा हात थोडा जास्त वेळ थांबलेला.

"तुमच्याच सुईनं झालं असं कोणी सांगू शकत नाही, काका."
हा आवाज मी ओळखतो.
मरणाऱ्याच्या घरी मी हाच वापरायचो.

गोळ्या निघाल्यात आता, बारा आठवड्यांच्या.
पार्बता रोज एक घेते, कॅलेंडरवर खूण करते.
विषाणू जाईल म्हणतात.
ठिपक्यांचं मात्र बाई बोलल्या नाहीत,
ते जातील, राहतील, डाग ठेवून जातील.
रात्री ती खाजवते, झोपेत.
मी तिचा हात धरून ठेवतो.
तिला वाटतं, प्रेमानं.

माळ्यावरून रजिस्टर काढलं.
वाळवीनं अर्धी नावं खाल्ली, अर्धी ठेवली.
पहिलं नाव सगुणा नाकाडे, ताप, लाल एक.

सकाळी तिच्या दारात उभा राहिलो.
म्हातारी झाली आहे, कमी दिसतं.
कसं सांगायचं ते सायकलवर पाठ केलं होतं:
भंडाऱ्याला चल, रक्त दे, पैसे पडत नाहीत.
आवाजावरून तिनं ओळखलं.
"डाक्टर! किती दिवसांनी आले जी!
लय कमजोरी वाटते पाहा."
आणि मी तोंड उघडायच्या आत
ती बाही वर करू लागली.