चोवीस तासांच्या आसपास

घुमटाची फट उघडताना साखळी कुरकुरते.
वंगण घातलं की आठवडाभर गप्प, मग पुन्हा तेच.
सदरलँडला जूनमध्ये थर्मासचं झाकण बोटांना चिकटतं,
खाली माळावर मेंढ्या एकमेकींत तोंडं खुपसून
एकच मोठा राखाडी दगड होतात.

मी द्रिका स्लिंगर्स. रात्रपाळी.
सध्या माझ्याकडे एकच तारा आहे,
नरतुरंगाच्या मागच्या पायापाशी, निळसर,
नाव नाही, सहा आकडी नंबर.
शाळेतली पोरं येतात, विचारतात, धडधडतो म्हणजे काय?
मी सांगते, शेकोटीजवळ बसलेला माणूस बघा:
एक अंग भाजलं की दुसरं पुढे करतो.
तसंच. एक बाजू तापते, एक निवते, सावकाश अदलाबदल.
पोटात खोल कुठेतरी चिमूटभर लोखंड
उजेडाची वाट अडवून धरतं,
मग सोडतं.
सगळा फरक मिळून शंभरात दोन भाग.
डोळ्यांना काही कळत नाही.
पोरांना हे आवडत नाही. त्यांना शनीची कडी हवी असतात.

अडचण वेगळीच आहे.
त्याचा फेरा तेवीस तास त्रेपन्न मिनिटांचा.
म्हणजे मी संध्याकाळी फट उघडते तेव्हा
तो जवळपास कालच्याच जागी असतो:
मंदावत चाललेला.
रोज मंदावत चाललेला.
सात मिनिटांचा काय तो फरक.
माझी वही वाचून कुणी म्हणेल,
या ताऱ्याला विझण्याखेरीज काही येत नाही.

पा लोकर कातरायचा.
पहाटे चारला ट्रकच्या हौद्यात, रात्री आठला दारात.
बूट काढायचा, हात टेबलावर ठेवायचा.
लोकरीच्या मेणाने मऊ झालेले, तान्ह्या बाळासारखे हात
आणि त्यांच्या वरचा माणूस दगड.
सूप. मिठासाठी एक शब्द. मग झोप.
रविवारीही झोपच.
अठरा वर्षं मी त्याला आठ ते साडेआठ पाहिलं
आणि वाटलं, हाच तो.

त्याला पुरलं त्या दिवशी फ्रेझरबर्गहून एक बाई आली,
फिलिदा आंटी.
शेडमध्ये त्याच्या शेजारच्या टेबलावर लोकर निवडायची.
कॉफीत बिस्किट बुडवत म्हणाली,
दाविद गेला, आता दुपारी हसवणार कोण?
मी म्हटलं, कोण दाविद?
अगं, तोच! मेंढीला मांडीत धरून
तिच्याशी पाद्रीबुवांच्या आवाजात बोलायचा,
'भगिनी, हे सगळं इथेच ठेवून जायचंय,'
आणि एका दमात सगळी लोकर उतरवायचा.
अख्खी शेड कात्र्या खाली ठेवायची.

माझं बिस्किट कपातच राहिलं.

आता इथे उजाडायला लागलं की
मी आकडे चिलीला पाठवते.
तिकडे इस्मेनिया नावाची बाई आहे, आवाज कधी ऐकला नाही.
तिच्याकडे मध्यरात्र. माझ्या शेवटच्या ठिपक्यापुढे
ती तिचा पहिला ठिपका ठेवते.
मागच्या गुरुवारी पहिल्यांदा दिसली ती रेघ,
तळाशी वळताना,
वर चढताना.
खुर्चीत बसले होते, तरी टेबल धरलं.

तरीही पाच तास उरतात.
तिची रात्र संपलेली, माझी सुरू व्हायची,
मध्ये सगळा प्रशांत महासागर.
तेव्हा तो काय करतो, कुणी बघत नाही.
इस्मेनिया लिहिते, न्यूझीलंडमध्ये कुणीतरी सापडेल.
सापडेलही.

मी फट बंद करते. साखळी कुरकुरते.
खाली मेंढ्या सुट्या व्हायला लागल्यात, एकेक.
कुंपणाजवळ एक उभी आहे,
पाठीवर गोठलेलं दहिवर,
आणि माझ्याकडे अशी बघते
जणू मी आता काहीतरी मजेशीर बोलणार आहे.