मुरघास

पत्र नगरपालिकेचं आहे. तिसरं.
‘आपल्या जमिनीवरील लातवानिसचा
एकतीस जुलैपूर्वी नायनाट करावा, अन्यथा दंड.’
खाली शिक्का, सही, आणि एक फोन नंबर
जो कुणी उचलत नाही.

मी संध्याकाळी निघते.
जूनमध्ये इथे संध्याकाळ रात्री दहाला होते.
उन्हात त्याच्या वाटेला जायचं नाही,
हे गौयाकाठच्या पोरासोरांनाही ठाऊक.
रेनकोट, मासेमारीचे बूट,
मेलेल्या नवऱ्याचा वेल्डिंगचा चष्मा.
इल्ग्वार्स कुंपणापलीकडून ओरडतो,
‘काय गं स्कायद्रीते, चंद्रावर निघालीस?’
निघाले बाबा.
चंद्रावर निदान काही उगवत नाही.

हे सगळं माझ्या वडिलांनी लावलं.
असं म्हटलं की लोक खाली बघतात,
जणू त्यांनी कुणाचा जीव घेतला.
त्यांनी फक्त एक पोतं आणलं होतं,
आगगाडीतून, मांडीवर घेऊन,
तान्ह्या पोरासारखं.
युद्ध संपून जेमतेम दहा वर्षं.
मार्चमध्ये गोठ्यातल्या गायी
दोरखंडांनी ओढून उभ्या करायच्या,
छपराचं गवत उपसून त्यांच्यापुढे टाकायचं.
आणि हे झाड!
दंव पचवतं, बर्फ पचवतं,
एकदा पेरा आणि नांगर विसरा.
मुरघासाचे खड्डे काठोकाठ.
हेक्टरी उतारा वडिलांनी वहीत लिहिला
आणि खाली दोन रेघा मारल्या.
दुसरी अर्ध्यात तुटलीय,
पेन्सिलीचं टोक मोडलं असणार.

गायी वाचल्या. हे कुणी लिहीत नाही.
दुधाला बडीशेपेचा वास यायचा,
शाळेत आम्ही नाक दाबून प्यायचो,
पण प्यायला दूध होतं.
वडिलांना घड्याळ मिळालं,
मागे नाव कोरलेलं. एक अक्षर चुकलेलं.

एका जुलैत ते मी न विचारता घातलं
आणि बाह्या सारून दुपारभर
पोकळ दांड्यांच्या पिपाण्या केल्या.
रात्रीपर्यंत काही नाही.
दुसऱ्या दिवशी कोपरापासून बोटांपर्यंत
पाण्यानं टरारलेले फोड,
मनगटावर पट्ट्याएवढी जागा तेवढी कोरी.
वडील त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले.
डॉक्टर म्हणाला, ऊन बाधलं.
वडील म्हणाले, ‘हो. ऊन.’

मग सामूहिक शेत मोडलं.
गायी गेल्या, ट्रॅक्टरची चाकं गेली, मग ट्रॅक्टर,
तरणी माणसं आयर्लंडला मशरूम खुडायला गेली.
हे राहिलं.
आता गोठ्याच्या छपरातून त्याच्या छत्र्या वर येतात,
परातीएवढ्या, पांढऱ्या,
आणि खरं सांगते, सुंदर.

शेवटच्या वर्षी वडील खिडकीत बसायचे.
त्याचं नाव कधी घेतलं नाही.
म्हणायचे, ‘चारा डोक्यावर गेलाय,
कुणी कापत कसं नाही?’
त्यात विसर किती आणि हट्ट किती,
मला आजही सांगता येणार नाही.

फावडं तिरकं घालायचं, वीतभर खोल.
वरवर कापलं तर ते मरत नाही, थांबतं.
फुलल्याशिवाय मरणच नाही त्याला.
वर्षानुवर्षं दबा धरून बसतं,
एकदाच फुलतं, हजारोंनी बी टाकतं
आणि मग निवांत वाळून जातं.
काल बावीस काढली. आज एकोणीस.
विसाव्याला कंबर धरली.

चष्मा वर करून वळले,
तर इल्ग्वार्सची एकुलती एक गाय
कुंपणातून मान घालून
माझ्या ढिगातलं पान ओढत होती.
‘अगं, अगं,’ म्हणत मी हात उगारला,
आणि तसाच राहिला.
डोळे मिटून चावत होती ती.
तिला पत्र आलेलं नाही.