कोपऱ्यात दोन स्टॉप कमी

केर्किनीच्या तळ्यावर जानेवारीत धुकं असं बसतं
की पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं
ते फक्त पेलिकनांना ठाऊक.
त्या सपाट पांढऱ्यावर लेन्सची लबाडी उघडी पडते:
मधोमध लख्ख,
आणि चारी कोपऱ्यांत
न विचारता उतरलेली संध्याकाळ.

"आर्गीरो, तुझ्याकडे सकाळी आठलाच कातरवेळ होते का गं?"
स्तेर्गिओस विचारायचा, वल्हं आडवं टाकून,
माझ्या स्क्रीनवर मासळीचं बोट उमटवत.
मी लेन्स काढून त्याच्या हातात दिली.
समोर धर. दिसलं भोक? गोल.
आता जरा तिरकी कर.
गोलाचं लिंबू झालं, मग लिंबाची फाक.
म्हटलं, चारशेपर्यंत ताणली, पडदा सताड उघडा ठेवला
की कडेनं येणाऱ्या उजेडाला नळीची भिंत आडवी येते.
थोडा आत शिरतो,
बाकीचा उंबऱ्यावरच ताटकळतो.

"मग पडदा मिटून घे थोडा."
मिटला की वेळ जास्त लागतो,
आणि पंख फिसकटतात.
तो हसला. आमचंही तेच, म्हणाला,
बारीक जाळं घ्यावं तर ओढवत नाही.
आणि बादलीतला मासा त्याने धुक्यात भिरकावला.

अकरा हिवाळे त्याच्याच होडीत बसले.
नऊ हजार पेलिकन.
लालभडक गळपिशव्या, उतरताना पाण्यावर घासणारे पाय,
आणि मागे थेंबांच्या चकत्या: मधे गोल,
कडेला मांजरीच्या डोळ्यांसारख्या निमुळत्या.

मार्चमध्ये त्याच्या मुलीचा स्टुटगार्टहून फोन.
चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेत ठेवायला
बाबांचा एखादा फोटो असेल ना तुमच्याकडे?
असेल ना.
रात्रभर शोधला.
दिव्याखाली अंधार म्हणतात;
माझा तर दिवाच दुसरीकडे वळलेला.

पहाटे एका फ्रेमच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात
काहीतरी पेलिकन नसलेलं दिसलं.
दुरुस्तीच्या चौकोनात खूण केली,
आणि संध्याकाळ मागे सरकली:
आधी कोपर.
मग लोकरीची टोपी, कानावरून वर दुमडलेली.
मग उचललेला हात,
हातात मासा, अजून न सोडलेला.

पण जो उजेड आलाच नव्हता, तो कुठून आणणार?
जेवढा आला, तेवढ्यालाच मी गुणत बसले,
आणि त्याबरोबर गुणले गेले दाणे,
टोपीवर, खांद्यावर, साऱ्या कोपऱ्यावर
भुरभुरलेले, करडे.
पुसायला एक बटण असतं.
दाबलं. चेहऱ्याचं मेण झालं.
परत घेतलं.

तसाच पाठवला.
तिचं उत्तर आलं, एका ओळीचं:
त्या दिवशी बर्फ पडत होता का?

मी हो म्हटलं.