कुत्र्याच्या छत्र्या

कुल्डीगात रात्री अडीच वाजता
इंद्रिकिस चष्मा सदऱ्याला पुसतो.
लाटव्हियाच्या जंगलात अळंबी वेचणारे अकरा हजार लोक,
आणि त्यांच्या गप्पांना राखणदार हा एकटा,
बंदरातला जुना वायरलेसवाला.

रातोरात नावं उगवतात,
कुत्र्याच्या छत्र्या.
नाहीतर पत्रावळी म्हणा: जेवण झालं, उकिरड्यावर.
एक गडी तर ठरलेला.
नवशिक्यांना हसतो, झेल्माला आंधळी म्हणतो;
चौदा वेळा हाकलला, पंधराव्यांदा हजर.
स्वल्पविरामाआधी जागा सोडतो,
तेवढ्यावरून कळतं,
दार न उघडता पावलं कळावीत तसं.

नियम इंद्रिकिसनेच लिहिलेला:
एका दिवसाच्या आतलं खातं दिसलं की उडवा.

आज एक. वय अकरा मिनिटं.
"पांढरी होती , बुडाशी पिशवी.
परवा खाल्ली , रात्रभर उलट्या. आता बरं वाटतंय.
हसू नका."

बोट बटणावर.
जागा दिसते. दोन्ही ठिकाणी.

मग तो लिहितो, जुन्या सवयीने, तुटक:
बरं वाटणं खोटं आहे. आत्ता हॉस्पिटल गाठ.
उरलेला तुकडा बरोबर घे.
एकटा आहेस का?

तीन ठिपके हलले. थांबले.

सकाळी खातं नव्हतं. त्याने उडवलं नव्हतं.
उत्तर तेवढं लोंबकळत,
खाली झेल्मा: हे कुणाला रे?

नऊ रात्री झाल्या.
चहा निवतो. तो नवी नावं चाळतो,
एक शिवी शोधत,
स्वल्पविरामाआधी
जागा सोडलेली.