व्यवसायाचा रकाना

टायपिंग सेंटरातला पोरगा
मान वर न करता विचारतो, "व्यवसाय?"
मी म्हणते, शिक्षिका.
तो माझ्या कार्डावर बोट ठेवतो. तिथं 'मदतनीस' आहे.
सात वर्षं झाली कुवेतला येऊन,
सात वर्षं मी मदतनीस,
पण कुणाची, ते कार्डावर लिहिलेलं नाही.

आमच्या नर्सरीत वाळूचा हौद आहे.
त्यातली वाळू पिशव्यांतून येते, धुतलेली, बिलासकट.
कुंपणापलीकडे वाळूच वाळू,
ती चालत नाही,
तिच्याकडे सर्टिफिकेट नसावं.
पहिल्या वर्षी मला याचं हसू यायचं.

आई गुहागरकडे अंगणवाडी सेविका होती.
सेविकेला पगार नसतो, मानधन असतं.
यातला मान कुठला आणि धन कुठलं
हे विचारायला ती एस.टी.नं रत्नागिरीला मोर्चाला जायची.
कमरेला संघटनेची पावती, पिशवीत भाकरी,
आणि किल्ली माझ्या हातात.
अकरा वर्षांची मी
अठरा पोरांना खिचडी वाढायची,
एकाचं नाक पुसेपर्यंत दुसरं रडायचं.
ती माझी पहिली नोकरी.
'अनुभव' लिहायला अर्जात दोनच ओळी असतात.

गुरुवारी रात्री आम्ही फरवानियात जमतो,
लिझी वर्गीसच्या हॉलमध्ये, नऊजणी.
नोंदणीचं कुणालाच नीट ठाऊक नाही,
म्हणून संघटना म्हणायचं नाही, नुसतं 'गुरुवार'.
वर्गणी अर्धा दिनार, बिस्किटांच्या डब्यात.
इतिवृत्त मी लिहिते, मराठीत,
आणि पुढच्या खेपेला मोडक्या इंग्रजीत वाचून दाखवते.
वांजिरू म्हणते, तू वाचतेस तेव्हा आम्ही जास्त शहाण्या वाटतो.

एकदा लिझीनं वहीत शिडी काढली:
मदतनीस, सहायक, शिक्षिका, पर्यवेक्षिका.
मधली पायरी लाल पेनानं.
डिप्लोमा. साडेचारशे दिनार.
मारिसेल बघत राहिली, मग म्हणाली,
या पायरीत माझ्या भावाची फी आहे.

नफिसा मुकादम, दाभोळची, सगळ्यांत जुनी,
चहाचा कप खाली ठेवून म्हणाली,
"मला नाही चढायचं.
वर गेलं की पोरं दिसत नाहीत, तक्ते दिसतात.
मला इथंच राहू द्या.
फक्त इथला पगार वर न्या."
एसीचं पाणी बादलीत पडत होतं.
मी तिचं वाक्य ठराव म्हणून लिहिलं.
सूचक नफिसा. अनुमोदक, आठजणी.

फहद चार महिने बोलला नव्हता.
रोज त्याच्या पेल्यात पाणी ओतताना मी विचारायची, "बस?"
आणि तो बघायचा, पाण्याकडे.
मंगळवारी पेला भरत आला तेव्हा म्हणाला, "बस."
अरबी की मराठी, कुणी सांगावं.
दोन्हीकडं त्याचा अर्थ तोच.
मी ओतायची थांबले. माझा हात थरथरत होता.
महिन्याच्या तक्त्यात याला खूण करायला जागा नव्हती,
मी समासात तारीख घातली.

डिप्लोम्याचा पहिला हप्ता 'गुरुवार'नं दिला,
बिस्किटांच्या डब्यातून, सुट्ट्या नाण्यांसकट.
आईला फोनवर सांगितलं.
मला वाटलं, रडेल.
तिनं विचारलं, "वर्गणी भरतेस ना? मग पावत्या कुठं आहेत?
पावती नाही तर कसली गं संघटना,
नुसता चहा."

शुक्रवारी मी सालमियातून पावतीपुस्तक आणलं.
पावती क्रमांक एक, नफिसा मुकादम, अर्धा दिनार.
व्यवसायाचा रकाना त्यात नव्हताच.
नफिसानं पट्टी मागितली,
आणि स्वतः आखून घेतला.

त्यात काय लिहायचं यावरून
साडेअकरापर्यंत भांडलो.
खालच्या मजल्यावरचा माणूस दोनदा वर आला.